तिसऱ्या कॅमेऱ्याला वायर नाही

"अंधार पडू दे, मग बोलू," असं म्हणून त्यांनी माझ्या वखारीच्या ओट्यावर डबा उघडला. कॅमेरे विकायला आलेला माणूस आधी जेवायला बसतो, असं तुम्ही कधी पाहिलंय? जैन माणूस. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. आणि रात्रीचं चित्र दाखवणारा कॅमेरा निवडायचा तर अंधार पाहिजेच. म्हणून एक डोळा भाकरीवर, एक सूर्यावर.

निपाणीत त्यांचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. सगळे आण्णा म्हणायचे. माझ्या वखारीतून तंबाखूची पोती जात होती, म्हणून मी त्यांना बोलावलं. संशय धाकट्या भावावर. वाटणी झाल्यापासून आमचं बोलणं बंद, मधे एक बुटकी भिंत.

माझी शाळा दुसरीपर्यंत, पण वस्तू घेताना मी कुणाचं ऐकत नाही. पुण्याच्या जावयानं बिनवायरचा कॅमेरा घ्या म्हणून सांगितलं होतं. मी तोच मागितला.

"आप्पा, तुमची वखार पत्र्याची. वाय-फाय आत शिरत न्हाय. वायरचाच घ्या. वीज, चित्र, समदं एकाच वायरीतनं."

"कुणी वायर तोडली तर?"

"पायपातनं नेतो की. आन् तोडायला येणाऱ्याचं तोंड आधी दिसंल."

अंधार पडला. त्यांनी बांबूला एक कॅमेरा बांधला आणि टीव्हीवर चित्र दाखवलं. पीठ उडाल्यागत सगळं पांढरं. वखारीत तंबाखूची धूळ कायम उडते, तीच कॅमेऱ्यातल्या दिव्यानं चमकत होती. मग त्यांनी बिनदिव्याचा कॅमेरा जोडला आणि आपल्या डोळ्याला न दिसणारा दिवा चार हात लांब लावला. दाराचं कुलूप लख्ख दिसलं.

"दिव्याच्या उबेला किडं येत्यात, किड्यांमागं कोळी," आण्णा म्हणाले. "त्यो तिकडंच जाळं करंल, कॅमेरा मोकळा. त्येला झाडायला नको, मारायला नको."

कॅमेरा विकताना कोळ्याची सोय बघणारा हा पहिलाच भेटला.

असे दोन कॅमेरे वखारीला ठरले. तिसरा मला धाकट्याच्या मागच्या दारावर रोखून हवा होता. आण्णांनी तसा धरून पाहिला. टीव्हीवर धाकट्याची बायको दारात भांडी घासताना दिसली. त्यांनी झटकन कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं.

"ह्येला मी वायर जोडणार न्हाय."

"वखार माझी, माल माझा!"

"उंबरा त्यांचा हाय, आप्पा."

"मग समदंच काढा!"

त्यांनी खरंच काढलं. वायर गुंडाळली, गाडीला बांधली. आमच्याकडं असं काही झालं की चहा पुढं करतात आणि विषय मिटवतात. ह्या माणसाला त्या वेळी चहाही चालेना. गाडी सुरू झाल्यावर म्हणालो, "सकाळी तरी च्या घेणार न्हवं?"

"दिवस उगवल्यावर घेईन."

आले. चहा प्यायले आणि दोन कॅमेरे लावून गेले. तिसऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

पुढं चोर सापडला. माझाच टेम्पोवाला, मीच त्याला किल्ली दिलेली. कुलूप उघडताना त्याचं तोंड स्वच्छ आलं होतं. आण्णांनी मला ते चित्र दाखवलं, भावाचं नावही घेतलं नाही. मी धाकट्याकडं गेलो नाही. कशाला जायचं? तोंडावर मी त्याला चोर म्हणालोच नव्हतो.

यंदा आण्णा वारले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तर सतरंजीवर धाकटा बसलेला. जागा त्याच्या शेजारीच होती. बसलो.

तो खाली बघत पुटपुटला, "दादा, मी त्यास्नी तुझ्या दारावर कॅमेरा लावा म्हणालतो."

"आन्?"

"समदं गुंडाळून निघालते."

मयताच्या घरी हसायचं कसं? मी तोंडावर पंचा धरला. धाकट्याचेही खांदे हलत होते.

परत येताना त्याच्या मोटारसायकलवर मागं बसलो. तो गाडी लई जोरात मारतो, पहिल्यापासूनच. वाटेत आण्णांचं दुकान लागलं, शटर खाली. धाकट्यानं वेग कमी केला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, पडायला नको म्हणून. तो हात घरापर्यंत तसाच राहू दिला.