आहेरात ‘ते हे’

राजुरीच्या सावळेरामची मांडवातली खुर्ची ठरलेली असे, माईकजवळची. तो लग्नात आहेर पुकारायचा. आहेर करणारा त्याच्या कानात आपलं नाव आणि वस्तू सांगे. सावळेराम ते मांडवभर पोचवी. वरमाई लक्षात ठेवी, कारण पुढे त्या घरी तेवढ्याच तोलाचा आहेर फेडायचा असे. वस्तू चुकली की दोन घरांचं बिनसणार, आणि सावळेरामचा माईक जाणार.

पंच्याण्णवच्या सुमारास त्याला वस्तूंची नावं ऐनवेळी आठवेनाशी झाली. कानात शिरलेला शब्द तोंडाशी येईपर्यंत गायब. हे फक्त त्याच्या बायकोला, अंजनाबाईंना, ठाऊक होतं.

आळे गावच्या एका लग्नात निमगाव सावाच्या सोपानभाऊंनी चकचकीत कागदात गुंडाळलेली परात आणली. सावळेरामने माईक तोंडाशी धरला. ‘‘सोपानभाऊ, निमगाव सावा, यांच्याकडून... आपलं ते... ते हे!’’

बायका माना उंचावून बघू लागल्या. सोपानभाऊ तणतणत त्याच्या कानाशी आले. ‘‘परात म्हनायला जीभ झडली का, राव?’’

तेवढ्यात, माईकवर नाव घेता येऊ नये एवढी भारी वस्तू असणार असं समजून वरबाप स्वतः धावत आला. ‘‘पावणं, लई केलंत! एवढं कशाला आनायचं?’’ म्हणत त्याने त्यांना पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. सोपानभाऊंनी परातीचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या लग्नसराईत लोक कानात वेगळंच सांगू लागले. ‘‘भाऊ, डबा हाय. पन तुमी ते हे म्हना.’’ सावळेरामची सोयच झाली. कळशी, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं ते हे. विसरणं झाकलं गेलं, वर नावही झालं. पंचाईत झाली वरमायांची. एकीने तोडीस तोड म्हणून शिलाई मशीन दिलं. तिच्याकडे आलेलं ‘ते हे’ चहाची गाळणी होती, हे तिला कागद फाडल्यावर कळलं होतं, पण मांडवाने ऐकलं होतं ते वेगळंच.

दोन हजार सालानंतर पत्रिकांवर ओळ छापून येऊ लागली : कृपया आहेर आणू नये. लोक म्हणाले, समाज सुधारला. माईक डीजेवाल्याकडे गेला आणि सावळेराम सतरंजीवर.

अशाच एका लग्नाहून घरी येऊन तो खाटेवर टेकला. ‘‘अगं, ते हे दे जरा.’’

अंजनाबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. त्याला चष्मा हवा होता. तो पाणी प्याला.