राब भाजणारा अध्यक्ष

नववीत असताना मी अमेरिकेच्या एका अध्यक्षाचं चरित्र लिहिलं. ओंडक्यांच्या खोपटात जन्मलेला, दुकान बुडालेला, निवडणुका हरत हरत शेवटी अध्यक्ष झालेला आणि गुलामांना मोकळं करणारा. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषयच तो होता.

शाळेच्या कपाटात त्याच्यावर एकच पुस्तक होतं, तेही वाळवीनं खाल्लेलं. बालपणाची पानं नव्हतीच. पण त्याचा बाप शेतकरी होता एवढं कळलं, मग पुढचं मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी लिहिलं, की हा मुलगा उन्हाळ्यात डोक्यावरून पालापाचोळा आणून राब भाजायचा आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावायला, आवणीला उतरायचा. आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी जमीन अशीच भाजतात. जगात शेती दुसऱ्या तऱ्हेनंही होते, हे मला ठाऊक नव्हतं.

मराठीच्या सरांनी वही चाळली, छान म्हणाले आणि शाळेच्या चेअरमनच्या मुलीला पाठ करायला दिली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लिहितेस बरं. पण तोंड उघडलंस की 'नाय' आणि 'आमी'. शाळेची शोभा होईल."

ती पहिली आली. टाळ्या वाजवायला नेलेल्या पोरांमध्ये मी होते.

घरी बाबा म्हणाले, "जाऊ दे गो. लिवलेला तुझाच हाय ना."

मी जाऊ दिलं नाही. घरातली पहिली बी.ए. झाले, पुढे एम.ए. केलं, आज मुरबाडच्या बाजूला कॉलेजात शिकवते. लोक माझ्या जिद्दीचं कौतुक करतात. जिद्द कसली, राग होता. तो मी इतकी वर्षं विझू दिला नाही.

आमच्याकडच्या शाळांत बक्षीस मिळवलेलं भाषण कोणी टाकून देत नाही. वही कपाटात राहते, विषय फिरून आला की दुसऱ्या मुलाला पाठ करायला देतात. हे मला माहीत होतं. म्हणून गेल्या महिन्यात आमच्या शहापूर तालुक्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं आणि विषय 'थोर राष्ट्राध्यक्ष' निघाला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

माझ्या जुन्या शाळेची सातवीतली एक मुलगी उभी राहिली. माझी वाक्यं, माझे स्वल्पविराम. अध्यक्ष राब भाजू लागला तेव्हा मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सर आता मुख्याध्यापक झालेले, ओठ हलवत तिच्याबरोबर म्हणत होते. मला त्यांनी ओळखलंही नव्हतं.

त्या मुलीला मी काही विचारलं नाही, तिचा काय दोष. उच्चाराचे, सभाधीटपणाचे गुण तिला भरभरून दिले. आशयाचे दिले नाहीत. आशय माझा होता.

मग परीक्षकाचं मनोगत आलं. मी माईक घेतला आणि मुद्दाम घरच्या बोलीत बोलले.

"सर, तुमी जरा उभे राहा. अमेरिकेचा अध्यक्ष राब कुठं भाजायचा? आपल्या उंबरमाळीला का आटगावला?"

मागच्या बाकांवरची शेतकऱ्यांची पोरं आधी हसली, मग सगळा हॉल हसला. सर पुस्तकात होतं म्हणाले.

"पुस्तकात नाय, सर. माझ्या वहीत होता. पयल्या पानावर माझं नाव हाय. ती वही मला परत पायजे."

खाली उतरल्यावर त्यांनी मला गाठलं. दोन महिन्यांत रिटायर होतोय, चारचौघांत असं करायला नको होतं, म्हणाले. मी फक्त वही कधी देता ते विचारलं.

आठवड्यानं शिपाई वही घेऊन आला. अक्षर माझंच. पहिलं पान मात्र मुळापासून फाडलेलं.

मी शिपायाला चहा दिला, वही त्याच्याच हातात परत ठेवली आणि सरांना निरोप धाडला: पान सापडेपर्यंत मी दर सोमवारी शाळेत येईन. तीन सोमवार झालेत.