भुताच्या सिनेमाचे परीक्षण

सेलूच्या स्टेशनाबाहेर शेंगा विकणाऱ्या त्या बाईचा चेहरा एका बाजूने भाजलेला होता. चुलीजवळ पदर पेटला होता, असे ती सांगे. माप भरताना ती भाजलेली बाजू भिंतीकडे ठेवी आणि वर मूठभर शेंगा जास्त घाली.

त्या वर्षी गावात तंबूचा सिनेमा आला. त्यातल्या हडळीचा चेहरा असाच जळका होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आता गावच्या शाळेत मास्तर. एका साप्ताहिकाने विश्वासाने माझ्याकडे परीक्षण मागितले, याचे मला फार अप्रूप. ‘तो जळका चेहरा पाहूनच थरकाप होतो,’ असे मी मनापासून लिहिले.

मी सिनेमावर लिहिल्याचे तिच्या कानावर गेले होते. अंक आला त्या दिवशी तिने मला हाक मारली.

“मास्तर, पोरं मला बघून ‘हडळ आली’ म्हणून पळायलेत. बायाबी शेंगा घेईनात. सिनेमातल्या बाईचं तोंड रंगवलेलं व्हतं की न्हाई?”

“रंगवलेलंच.”

“मग तसं लिवलं का पेपरात? मला वाचता येत न्हाई, वाचा बरं.”

अंक माझ्या हातातच होता. मी वाचू लागलो आणि त्या वाक्याशी येताच कागदावर नसलेले वाचले : ‘हा चेहरा नुसता रंगाचा आहे, भाजलेल्या माणसाला कोणी भिऊ नये.’

“शिकल्याचं चीज केलं, बाबा,” ती म्हणाली आणि तिने अंक माझ्या हातातून घेतला. “आता गिऱ्हाइकायला म्हणते, आदी हे वाचा.”

पूर्णेच्या गाडीतून एक कारकून उतरला. तिने त्याच्यापुढे अंक धरला. मी झपझप शाळेकडे चालू लागलो.