हानाचा ठसा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आत्ता तुम्हाला सांगतानाही बघा – आधी इकडचं-तिकडचंच बोलावंसं वाटतंय.

मी इकडे परदेशात, ल्यूकन नावाच्या गावात राहते, औषधांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. दर शनिवारी शेजारच्या क्लोनडॉकिनला यानकाकांकडे छपाईत मदतीला जायचे. हे चेक देशातून आलेले म्हातारे मुद्रक. 'काका' मीच म्हणायला लागले, त्यांनाही ते आवडायचं. घरामागच्या शेडमध्ये ते चेक गोष्टींची पुस्तकं छापायचे – शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, हातानं जुळवून, मोजक्याच प्रती. चित्रं त्यांच्या बायकोची, हानाची. लाकडाच्या ठशांवर कोरलेली. शेवटच्या पुस्तकाचे ठसे कोरून झाले आणि हाना गेली.

त्या शनिवारी काकांनी पान जुळवलं, मधोमध हानाचा ठसा बसवला, सगळं घट्ट धरणाऱ्या चौकटीच्या पाचरी आवळल्या आणि चहा करायला घरात गेले. मला ठसा किंचित सैल वाटला. पाचरींना हात लावायचा नाही, हे त्यांनी कितीदा बजावलं होतं! मी पाचरीची किल्ली घेतली. आवळली. अजून थोडी – आणि काडी मोडल्यासारखा आवाज झाला. चित्रात नदीकाठी बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यातून ठसा आरपार चिरला होता.

किल्ली मी होती तिथे ठेवून दिली. का? घाई होती, घाबरले होते – नको, ते राहू दे.

काका आले. हातातले चहाचे मग खाली ठेवले. ठशाच्या चिरेवरून बोट फिरवलं.

"मीच जास्त आवळलं का गं?"

हल्ली वयानं त्यांचे हात थरथरायला लागले होते, हे मला माहीत होतं. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना?

"हो काका," मी म्हणाले. "मघाशी जरा जोर लागला तुमचा. मी पाहिलं."

पाहिलं! निदान गप्प बसले असते –

त्यानंतर त्यांनी खिळ्यांना हात लावला नाही. पुस्तक अर्धवट राहिलं. यंत्र विकलं, आणि ते दूर ट्रली गावी मुलीकडे राहायला गेले. हानाचं शेवटचं काम आपण आपल्या हातानं मोडलं, असं मुलीला सांगितलं म्हणे.

मी अधूनमधून फोन करते. गेल्या रविवारी ते म्हणाले, "मी ग्रँड आहे, अगदी मजेत. तू तेव्हा खरं सांगितलंस, बरं केलंस. दुसरं कुणी असतं तर म्हाताऱ्याचं मन राखायला खोटं बोललं असतं."

मी "हो काका" म्हणाले. आणि ट्रलीला पाऊस आहे का, ते विचारलं.