कोंबडी चालली, आता ऊठ

झुवेराच्या तोंडून कुणी कधी 'नाही' ऐकलं नव्हतं. शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी काढण्यात तिचा हात धरणारी गावात दुसरी नव्हती, म्हणून जी ती आपलं घमेलं तिच्यापुढे सरकवायची आणि ही बाई स्वतःचं काम बाजूला ठेवून दुसरीचं घुसळून द्यायची. नवरा गेल्यावर दिराने शेताचा बरा तुकडा मागितला, तेव्हाही हिचं उत्तर ठरलेलंच. अशा बाईचा पाय मोडावा आणि येईल त्याने सल्ला द्यावा, मग काय होणार ते सांगायलाच नको.

बाजारातून येताना तीनचाकी उलटली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. तामाले शहरातल्या मोठ्या इस्पितळात मांडी उघडून आत लोखंडी पट्टी बसवली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मी पुन्हा हाडाचा फोटो काढून बघेपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. पट्टी वाकली तर पाय हातचा जाईल."

"हो बाई," झुवेरा म्हणाली.

गावातल्या दवाखान्यात तिजानी नावाचा मदतनीस होता. तो आला, गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, पडून राहशील तर गुडघ्याचं लाकूड होईल. उभी राहा, थोडा थोडा भार टाक. मोठ्या इस्पितळातले लोक घाबरटच."

"हो बाळा," झुवेरा म्हणाली.

आणि मग दोकुरुगू आला. हा तिचा तोच दीर, हाडं बसवणारा. लांबलांबच्या गावांहून लोक मोडके हातपाय घेऊन त्याच्या दारात यायचे. झुवेराचा मुलगा लहानपणी आंब्यावरून पडला, तेव्हा त्याचा हात दोकुरुगूनेच असा बसवला होता की कुठला मोडला होता ते आज त्यालाही सांगता येणार नाही. टाक्यांची लांबलचक खूण पाहून त्याने तोंड वाकडं केलं.

"हाडाला लोखंड कशाला लागतं, वहिनी? एक दिवस काढून टाकावं लागेल ते. तोवर मी बघतो."

त्याने तिच्याच अंगणातली एक ठिपक्यांची कोंबडी धरली आणि कट्‌दिशी तिचा पाय मोडला. तिच्या पायाला काड्या बांधल्या, झुवेराच्या मांडीला बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि दोन्हीकडे एकाच वाटीतला पाल्याचा लेप लावला. "ही तुझ्या नावाची. ही चालली की तू चालायचं." हसणाऱ्याने खुशाल हसावं, पण आधी आमच्या गावात येऊन पाय मोडून घ्यावा, मग हसावं!

झुवेरा त्यालाही हो म्हणाली. आता बोला! तिजानी आला की बांबू सोडून गुडघा वाकवायचा, दोकुरुगूची चाहूल लागली की सुनेकडून घाईघाईने बांबू बांधून घ्यायचे, आणि दोघंही नसले की डॉक्टरीणबाईंचं ऐकून निपचित पडून राहायचं. सून लामिसी बिचारी या खेळात घामाघूम व्हायची. तिचा नवरा दूर कुमासी शहरात कामाला, घरात या दोघीच. म्हातारीचा पाय नीट झाला नाही तर बोल कुणाला लागणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

झुवेरा वरून हसायची, पण आतून पार घाबरली होती. आपण पुन्हा चालणार की कायमच्या या चटईच्या होणार, एवढा एकच प्रश्न. मांडीत काहीतरी करकरलं की तिला वाटायचं, संपलं, वाकली पट्टी. विचारणार कुणाला? ज्याला विचारावं तो दुसऱ्याला मूर्ख ठरवून मोकळा.

एके सकाळी लामिसीने कोंबडीवर झाकलेली भिंतीलगतची टोपली उचलली आणि तशीच उभी राहिली. टोपलीखाली कोंबडी पाय ताणून पडली होती. लामिसीने सासूकडे पाहिलं. झुवेराने पटकन डोळे मिटून घेतले. सुनेची पावलं बाहेर गेली, आणि ऊन तापायच्या आत टोपलीखाली पुन्हा एक कोंबडी होती. तशीच ठिपक्यांची, पायाला त्याच काड्या. पण ही दोन्ही पायांनी माती उकरत होती. पडल्या पडल्या झुवेराला ते ऐकू येत होतं.

आपल्या नावाची कोंबडी मेली! पण त्याहून जास्त तिला पोरीची दया आली. कोंबडी मेली म्हणावं तर साऱ्या गावाने लामिसीला फाडून खाल्लं असतं. पोर खोटं वागली ती सासूने हाय खाऊ नये म्हणून. झुवेरा मूग गिळून बसली.

दिवस गेले. तामालेला जायची तारीख जवळ आली, आणि तिच्या आदल्या दिवशी दोकुरुगू आला. पाठोपाठ शेजारपाजार. कोंबडी चालली की बघायला सगळे येतात, तशी आमच्याकडे रीतच आहे. त्याने भर अंगणात कोंबडीच्या काड्या सोडल्या. कोंबडी तुरुतुरु चालत थेट मडक्यांमागे गेली. बायकांनी आनंदाने गलका केला.

"वहिनी, कोंबडी चालली. आता ऊठ!"

दारात तिजानीही होता. "ऊठ मावशी, मी तर कधीचा सांगतोय."

दोन शेजारणींनी तिच्या काखेत हात घातले. 'हो' तिच्या जिभेवर आलेलंच होतं. मग तिची नजर लामिसीवर गेली. पोर घाबरीघुबरी होऊन गर्दीतून पुढे येत होती.

"आई, ती कोंबडी..."

"तू आत जा, पाणी आण," झुवेरा करड्या आवाजात म्हणाली. मग तिने बायकांचे हात काखेतून काढले. "मी उठणार नाही."

"काय?" दोकुरुगूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नाही उठणार. उद्या फोटो निघेल, मग बघू. भित्री म्हणा मला, काय म्हणायचं ते म्हणा."

मग कुणी चुकचुकलं, कुणी म्हणालं, दिराची अब्रू भर अंगणात घालवली या बाईने. तिजानी खांदे उडवून निघून गेला. हळूहळू सगळेच पांगले. दोकुरुगू मात्र गेला नाही. तो चटईशेजारी टेकला.

"ती कोंबडी माझी नव्हती, वहिनी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दर खेपेला मीच तिच्या पायाच्या काड्या सोडून बांधत होतो ना? मोडलेलं हाड आणि धड हाड हाताला कळत नसेल तर मी आजवर केलं काय? तुझ्या सुनेने माया केली. मी म्हटलं, जाऊ दे, उगाच तुझा धीर खचायला नको."

"आणि आज? आज मला ऊठ म्हणालात ते?"

"वाटलं, जुळलं असेल."

"वाटलं?"

"सगळं गाव गोळा झालेलं, वहिनी. चार माणसांत आता मागे कसा फिरणार मी?"

"आणि मी उठले असते तर?"

झुवेराला संताप आला, आयुष्यात आला नव्हता इतका. आणि त्या संतापातच तिला कळलं, की चार माणसांत नाही म्हणता येत नाही म्हणून आपणही उठणारच होतो. तिला रडू फुटलं. दोकुरुगूने ते पाहिलं आणि त्याचेही डोळे भरून आले.

"उद्याच्या वाटेत खड्डे फार आहेत," तो अखेर म्हणाला. "मी गाडीत येतो. हा पाय हातात धरून बसतो, तामालेपर्यंत हलू देणार नाही. येऊ ना?"

झुवेराने पदराने डोळे पुसले.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.