माळशेजच्या धुक्यात आलेली हाक

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाय. शाळा चौथीपर्यंत, पण घाबरायचं तिथे कोणी शिकवलं नाय. बाळकुमचा माणूस मी, खाडीवर अंधारात एकटा गेलेलो आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

गेल्या श्रावणात मुलगा महेश आणि सून दीपा मला माळशेजच्या वर, पार आत डोंगरात, एका इको-लॉजला घेऊन गेले. बायको जाऊन वर्ष झालेलं. "बाबा, तेवढंच मोकळं वाटेल," महेश म्हणाला. पंखा नाय, टीव्ही नाय, आणि वर बुकिंग करून जायचं... म्हटलं, चला.

गाडी खालच्या वाडीत ठेवून पुढे पायवाट. दुपारच होती, पण धुकं असं की पुढच्याची पाठ जेमतेम दिसत होती. डाव्या हाताला दरी. दीपा पुढे, मध्ये महेश, मागे मी.

आणि दरीतून हाक आली — "दामोदर!"

माझं नाव. आवाज माझ्या बायकोचा.

महेश "आई?" म्हणाला आणि वाट सोडून सरळ दरीकडे निघाला. मी त्याची सॅक धरली.

"सोडा बाबा, आई आहे ती!"

"अरे गाढवा, तुझ्या आईने उभ्या जन्मात माझं नाव घेतलं नाय! लग्नात बायका उखाण्यासाठी मागे लागल्या तर भरल्या ताटावरून उठलेली ती. ही दुसरीच कोणतरी आहे!"

पोरगा थांबला. खाली बघितलं, पुढे जमीनच नव्हती.

माझं डोकं फिरलं. मेलेल्या बाईचा आवाज चोरतेस? दरीकडे तोंड करून ओरडलो, "हिंमत असेल तर ती मारायची तशी मार हाक!"

मग अगदी कानाजवळ, हळू —

"अवो..."

खोटं कशाला बोलू, माझा पाय पुढे पडला. आता महेशने मला धरलेलं, घट्ट.

लॉजवाला म्हणाला, दरीत आवाज घुमतात. घुमू देत! पण माझं नाव तिथे घेतलं कोणी? महेश मला बाबा म्हणतो. आणि दीपा चार पावलांवर, तिला फक्त आमचंच ओरडणं ऐकू आलेलं.

खुलासा माझ्याकडे नाय. भूत मी आजपण मानत नाय. पहिली हाक तिची नव्हती, हे कोणाच्याही तोंडावर सांगेन.

दुसरीचं सांगता येत नाय... तिला मी ओ दिली नाय.