केळी कॉम्प्युटरात पिकत होती

"बोरसेसाहेब, जरा इकडे या," असं शेठ म्हणाले, तेव्हाच मला कळलं की आज काही खरं नाही. एरवी मी नुसता बोरसे. साहेब झालो की समजायचं, शेठ चिडलेत.

टेबलावर फोनचा रिसीव्हर उताणा पडला होता. त्यातून दिल्लीच्या व्यापाऱ्याचा आवाज अजून येत होता. शेठनी फक्त आपला कान काढून घेतला होता.

"दुसरी गाडीही पिवळी," शेठ म्हणाले. "त्यानं आपल्याला सहा गाड्यांची परीक्षा घातलीय. दोन गेल्या. तिसरी पिवळी गेली तर तो दुसरं घर बघणार. आपला कॉम्प्युटर काय करतोय?"

"रिपोर्ट छापतोय," मी म्हणालो.

उत्तर खरं होतं, पण त्या वेळी द्यायचं नव्हतं.

"तिसरी पिवळी गेली की मी हा डबा विकतो," शेठ म्हणाले. "मग डबा चालवणाऱ्यानं काय करायचं, ते त्यानंच ठरवावं."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमची कंपनी केळीच्या व्यापारातली. ऑफिस जळगावला आणि माल भरायचं यार्ड रावेरला. मी मूळ धुळ्याचा, पुण्याहून कोर्स करून आलेलो, आणि पदानं ईडीपी मॅनेजर. ईडीपी म्हणजे माहिती कॉम्प्युटरमध्ये घालून त्यातून कामाचं काहीतरी बाहेर काढणारं खातं. खात्यात दोघंच होतो, मी आणि मशीन. एसी मशीनसाठी होता. मी त्याच्या ओळखीनं गारव्यात बसायचो.

त्या खोलीचा थाट काय सांगू! लोक चपला बाहेर काढून आत यायचे. शेठचे पाहुणे काचेतून बघून हात जोडायचे. दसऱ्याला कोणीतरी मनोभावे अक्षता टाकल्या, त्या की-बोर्डमध्ये गेल्या. पुढे वर्षभर एक बटण दाबलं की आत तांदूळ वाजायचा.

त्यातच माझं लग्न अमळनेरला ठरलं होतं. मुहूर्त आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा. होणाऱ्या सासऱ्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं की जावई कॉम्प्युटर चालवतो. कॉम्प्युटरच गेला तर जावई काय चालवणार, हा प्रश्न मला त्या एसीतही घाम फोडत होता.

केळीचं गणित साधं आहे. घड झाडावरून उतरला की त्याचं घड्याळ सुरू होतं. रावेरहून दिल्लीला ट्रकला दोन-अडीच दिवस लागायचे. केळी टणक हिरवी पोचली तर तिथला व्यापारी आपल्या सोयीनं पिकवतो. वाटेतच पिकायला लागली तर तो हात लावत नाही. शेठना आता इथल्या इथे माल विकून गप्प बसायचं नव्हतं. दिल्लीला वर्षभर थेट माल द्यायचा होता. मोठ्या कंपन्यांत याला स्ट्रॅटेजी म्हणतात. शेठ "माझ्या मनात आहे" असं म्हणायचे.

पुण्याच्या एका मित्रानं मला एका लेखाची झेरॉक्स पाठवली होती. त्यात म्हटलं होतं, घराचा असतो तसा कंपनीचाही नकाशा काढावा. सगळ्यात वर धंद्याला काय साधायचंय ते. त्याखाली त्यासाठी लागणारी कामं. त्याखाली प्रत्येक कामाला लागणारी माहिती, ती कोणाकडे असते आणि कुठून कुठे जाते. मशीन अगदी तळाला. आज याला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात आणि ते सांगायला लोक टाय लावून येतात. मी रिपोर्टाचे वापरलेले कागद उलटे केले, खळीनं एकमेकांना चिकटवले आणि खोलीभर पसरले.

"ही काय पत्रावळ मांडलीय?" शेठ दारातून म्हणाले. तेच नाव पडलं.

"शेठ, धंद्याला काय पाहिजे, एका वाक्यात सांगा."

"केळी दिल्लीला हिरवी."

ते मी वर लिहिलं. तळाला 'कॉम्प्युटर' असं लिहिलं. मधे पांढरा कागद होता.

"मधलं कोण भरणार?" शेठ म्हणाले.

"तेच शोधायला रावेरला जातो."

"जा. आणि तिसरी गाडी परवा भरायची आहे, हे लक्षात ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी रावेर गाठलं. यार्ड पंडितनानांच्या ताब्यात होतं. नाना आमचे मुकादम. साठी ओलांडलेली, डोक्यावर टोपी, आणि चालता चालता घड बघून वजन सांगणारा माणूस. मी कंपनीत दीड वर्ष होतो आणि यार्डात पहिल्यांदा पाय ठेवत होतो. हे लिहितानाही मला लाज वाटते.

शेडच्या भिंतीवर ओळीनं खिळे होते. प्रत्येक खिळ्याला केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची वळलेली दोरी, आणि दोरीला गाठी. कुठे दोन, कुठे सात.

"हे काय, नाना?"

"ह्या बागा. एका बागेची एक दोरी. मी बागेत जातो, घड पाहतो आन् जितके दिवस बाकी, तितक्या गाठी मारतो. रोज सकायी सगळ्या दोऱ्यांची एक एक गाठ सोडतो. गाठी संपल्या की कापाची."

"चुकत नाही?"

"ऊन कमी-जास्त झालं त एखांदी गाठ वाढोतो. घड काही कॅलेंडर पाहून पिकत नही, भाऊ."

मी भिंतीवरून बोट फिरवत गाठी मोजत गेलो. येत्या आठ दिवसांत कोणत्या दिवशी किती माल निघणार, ते सगळं त्या खिळ्यांवर टांगलेलं होतं. माझ्या मशीनमध्ये काय होतं? काल गेलेली केळी, परवा गेलेली केळी आणि मागच्या महिन्यात गेलेली केळी. तीही सुबक छापलेली. अहिराणी बोलणारी माझी आई म्हणाली असती, बठ्ठं (सगळं) नानांकडे शे, तू उगाच मशीनपाशी बसस.

मग मी एका घडाच्या मागे लागलो. त्या दिवशी स्थानिक व्यापाऱ्याचा माल होता, पण वाट तीच. पहाटे बाग कापली. सातला माल यार्डात आला. नानांनी घड मोजून चिठ्ठी लिहून घेतली आणि शांतपणे बसले.

"आता?"

"आता अकराची एसटी. कंडक्टर चिठ्ठी जयगावले नेतो."

पुढचं मला माहीत होतं. एकच्या सुमारास आमचा शिपाई जळगावच्या स्टँडवरून चिठ्ठी आणायचा. मी ती कॉम्प्युटरमध्ये भरायचो. मग प्रिंटर करकरत स्लिप काढायचा. शेठ जेवून, जरा आडवे होऊन आले की त्यावर सही. सही झाली की रावेरच्या ट्रक स्टँडला फोन. लागला तर चार वाजता. ट्रक यार्डात यायला पाच.

"ट्रक स्टँड कुठे आहे, नाना?"

नानांनी मान वळवली. मी पाहिलं. रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली चार ट्रक उभे होते. एक ड्रायव्हर आमच्याकडे बघून हात हलवत होता.

"हे कधीपासून उभे आहेत?"

"सकायपासून."

"मग बोलवा ना त्यांना. इथून हाक मारली तर ऐकू जाईल."

"पयले हाकच मारत व्हतो," नाना म्हणाले. "मंग हा कागद आला."

त्यांनी खिळ्यावरचा एक कागद काढून दिला. दोन्ही कडांना भोकं असलेला, आमच्याच प्रिंटरचा. 'कॉम्प्युटर स्लिपशिवाय गाडी बोलावू नये. आधी एन्ट्री, मग गाडी.' खाली सही. एस. डी. बोरसे, ईडीपी मॅनेजर.

माझीच. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, मशीनमध्ये सगळी माहिती न चुकता यावी म्हणून मी काढलेलं सर्क्युलर. मी ते विसरूनही गेलो होतो. नाना विसरले नव्हते.

"नाना, तुम्ही बोलला का नाहीत? माल उन्हात बसतोय हे दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं ना. पन कागदाले दोन्हीकून भोकं. मले वाटलं, सरकारचा असंल."

मला एकाच वेळी रडू आणि हसू आलं, आणि हसू जिंकलं. नानाही हसायला लागले. समोरचा ड्रायव्हर काही न कळताच हसत होता. एप्रिलचं ऊन, कापलेले घड आणि पन्नास पावलांवर ट्रक. मधे एसटी, कंडक्टर, शिपाई, मी, प्रिंटर आणि शेठची वामकुक्षी.

संध्याकाळी जळगावला येऊन मी पत्रावळीवर बाण काढले. रावेरहून निघालेला बाण सगळं ऑफिस फिरून परत रावेरलाच जात होता. शेठ वाकून बघत होते.

"शेठ, केळी रावेरला पिकत नाहीयेत. वाटेतही पिकत नाहीयेत. केळी आपल्या कॉम्प्युटरात पिकतायत."

"नीट बोला."

मी नीट बोललो. सर्क्युलर समोर ठेवलं. सही दाखवली. अमळनेर डोळ्यांसमोर होतं.

शेठनी सर्क्युलर दोनदा वाचलं. मग घड्याळाकडे बघितलं. "म्हणजे मी झोपतो तेव्हा ट्रक माझ्या सहीसाठी थांबतो?"

"हो."

"आणि नाना रोज समोर बघत बसतात?"

"हो."

"तिसरी गाडी उद्या सकाळी," शेठ म्हणाले. "सर्क्युलर फाडा. तुम्हीच जा. तिचं जे होईल ते तुमचं."

रात्रीच्या एसटीनंच मी पुन्हा रावेरला. या वेळी बाग कापायला माणसं निघाली, तेव्हा ट्रक यार्डात येऊन उभा होता. नानांनी आदल्या दिवशी दोरीला शेवटची एक गाठ उरलेली बघितली होती, आणि सर्क्युलर फाटल्याचं माझ्याकडून कळताच रात्रीच सरळ हाक मारली होती. घड आले तसे भरले गेले. पानं अंथरली, वर पानं झाकली. मला राहवेना, मीही घड उचलायला लागलो. साखरपुड्याचा पांढरा शर्ट अंगात होता. केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही, हे नानांनी मला शर्ट भरल्यावर सांगितलं. नऊ वाजायच्या आत गाडी रस्त्याला लागली. चिठ्ठी मागाहून सावकाश अकराच्या एसटीनं गेली.

मग अडीच दिवस आम्ही फोनकडे बघत बसलो. शेठनी मला या काळात ना बोरसे म्हटलं ना साहेब. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. शेठ नुसतं ऐकत होते. मग त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"सेठजी, माल एकदम पत्थर है," दिल्लीवाला सांगत होता.

शेठ "पत्थर, पत्थर" असं म्हणत ऑफिसभर फिरले. अकाउंटंटला सांगितलं, शिपायाला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी रिकाम्या प्रिंटरवर हात ठेवून उगाच उभा राहिलो. चौथी पत्थर, पाचवी पत्थर, सहावीही पत्थर. व्यापारी तयार झाला. त्याची एकच अट होती: पुढच्या आठवड्यात किती गाड्या येणार, ते आठ दिवस आधी कळलं पाहिजे.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळीवर बोट ठेवलं. नानांच्या दोऱ्यांपासून दिल्लीपर्यंतची जागा रिकामी होती. कॉम्प्युटरला पहिल्यांदाच करण्याजोगं काम मिळालं होतं. पण दोऱ्या जळगावला येणार नव्हत्या.

"म्हणजे कॉम्प्युटर रावेरला?" शेठ म्हणाले. "पाहुण्यांना मग काय दाखवू?"

"दिल्लीची ऑर्डर."

आठवड्याभरात आम्ही कॉम्प्युटरला रिकाम्या ट्रकमधून रावेरला नेलं. खाली गाद्या, शेजारी मी, मांडीवर मॉनिटर. प्रत्येक थांब्यावर लोक विचारायचे, टीव्ही का? सावद्यापर्यंत मी नाही म्हणून समजावत होतो. पुढे हो म्हणायला लागलो. रावेरला एसीऐवजी वाळ्याचा ओला पडदा लावला. नाना रोज गाठ सोडायचे आणि मी आकडा भरायचो. दोऱ्या काढून टाका म्हटलं, तर नाना म्हणाले, "आन् लाइट गेल्यावर?" दिवसातून दोनदा जायची. दोऱ्या राहिल्या. दर शनिवारी दिल्लीला यादी जाऊ लागली.

आखाजीनंतर माझं लग्न झालं. शेठ अमळनेरला आले होते. सासऱ्यांनी त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "शेठ, दिल्लीच्या कामात कॉम्प्युटरनं मोठी करामत केली म्हणे?"

शेठनी जिलेबी खाली ठेवली. "जावयालाच विचारा. काय केलं हो बोरसे, तिसऱ्या गाडीला तुमच्या कॉम्प्युटरनं?"

खोटं सुचेना. मी म्हणालो, "वाटेतून बाजूला झाला."

सासऱ्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "ते फार अवघड असतं म्हणतात," ते शेजारच्याला म्हणाले.

शेठना ठसका लागला. पण सासऱ्यांचं बरोबरच होतं. पुढच्या तीस वर्षांत मी बऱ्याच कंपन्यांत मशीनं बसवली. बसवायला फार दिवस लागले नाहीत. वाटेतून बाजूला करायलाच लागले.